व्हिटॅमिन डी 11 (एनजी/एमएल) आलंय. बाबा म्हणतात, डीच्या पावडरचं सॅशे नको, सकाळच्या कोवळ्या उन्हात बस. तेवढ्याने भरून निघेल का?

नाही निघणार. डॉक्टरांनी सॅशे दिलं असेल तर घ्या.

आमच्याकडेही हे कोवळ्या उन्हाचं कीर्तन वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून लिहायला बसले. माझे मोठे दीर सकाळी साडेसहाला गच्चीवर फेऱ्या मारतात आणि खाली येऊन सगळ्यांना ऐकवतात, "झालं माझं डी." फेऱ्या मारोत बापडे, पण त्वचेत डी बनायला जे यूव्हीबी किरण लागतात, ते त्या वेळी खाली जवळजवळ पोचतच नाहीत. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं, म्हणजे साधारण दहा ते तीन. खिडकीच्या काचेआडून घेतलेलं तर धरूच नका.

मला आधी मांड्या आणि कंबर दुखायची. मग जमिनीवरून उठताना हात टेकावे लागले, जिना चढताना कठडा. गौरीजेवणाच्या पंगतीत वाढायला वाकले ती सरळच होता येईना. दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "हल्लीच्या बायकांना कामाची सवय कुठे?" सासूबाई गप्प राहिल्या, ते जास्त लागलं. एका डॉक्टरांनी मणक्याचा एक्स-रे काढून पेनकिलर दिल्या, वर "टेन्शन घेऊ नका". शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) बाईंनी नडगी दाबली आणि मी ओरडलेच. डी 6, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या अशा दुखण्यात रक्तात चढणारं एन्झाइम) आणि पॅराथायरॉइड (हाडांतून कॅल्शियम काढणारं हार्मोन) दोन्ही वाढलेले. ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं! डी नसलं की आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट घेत नाही, मग रक्तातलं राखायला शरीर हाडं उपसतं आणि नवं हाड कडकच होत नाही. आठवड्याला 60,000 युनिटचं एक सॅशे, आठ आठवडे, सोबत कॅल्शियम. दुखणं जायला पुढे काही महिने लागले. आता मांडी घालून बसते आणि हात न टेकता उठते.

नंतर दिरांचा रिपोर्ट 14 आला. तर म्हणे, "लॅबवाले सगळ्यांचंच कमी दाखवतात."

त्यात किंचित तथ्य आहे. काही लॅब 30 च्या खालचं सगळंच 'अपुरं' छापतात. 20 च्या वर असून काही दुखत नसेल, तर घाबरायचं कारण नाही. आणि डी म्हणजे सर्वरोगनिवारक नव्हे. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत 25 हजारांवर लोक होते. त्यातल्या निम्म्यांना रोज 2000 युनिट दिले, तरी कॅन्सर किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण काही घटलं नाही.

हो, आणि सॅशे मनाने वाढवू नका. आठवड्याचं रोज घेणारे महाभाग असतात. त्याने कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनी बिघडते. मुतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घ्यायचं ते जेवणानंतर.

बाबांचीही तपासणी करून घ्या. आणि कमी आलं तर त्यांना लॅब बदलू देऊ नका.