राखीव ईसीयू असला म्हणजे झाले का?

प्रश्न : मी अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये दोन आसनी विमान बांधत असून त्यात माझदाचे १३-बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचे) टर्बोसह, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरणाऱ्या यंत्रासह, बसवणार आहे. इंधन आणि ठिणगीचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजे ईसीयू, दुसरा राखीव जोडल्यास दोन मॅग्नेटोंच्या इंजिनाइतका भरवसा ठेवता येईल का?

उत्तर : राखीव ईसीयू हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही. मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी निर्माण करतो, त्यामुळे विमानातील सारी वीज गेली तरी इग्निशन चालू राहते. तुमच्याकडे इग्निशन, इंजेक्टर आणि पंप हे सगळेच विजेवर चालणार असल्याने दोन्ही ईसीयूंना स्वतंत्र फ्यूजमधून आणि शक्यतो वेगळ्या बॅटऱ्यांवरून वीज द्यावी. ती मास्टर स्विचमधून मुळीच नेऊ नये, कारण वायरिंग जळल्याचा वास आला की वैमानिक आधी तोच बंद करतो.

मला अधिक काळजी वाटते ती मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील) दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची. ईसीयू मुख्यतः याच दाबावरून इंधनाचे प्रमाण ठरवतो. समजा, समुद्रसपाटीजवळ मॅनिफोल्डमध्ये ४० इंच पाऱ्याइतका दाब असताना सेन्सरची रबरी नळी निसटली, तर सेन्सर बाहेरच्या हवेचे सुमारे ३० इंच दाखवील, ईसीयू तेवढ्यापुरतेच इंधन सोडील आणि मिश्रण लीन (इंधन कमी पडलेले) होऊन डिटोनेशन, म्हणजे इंधनाचा अनियंत्रित स्फोट, सुरू होईल. त्याचा मार रोटरच्या अपेक्स सीलवर (रोटरच्या टोकांवरील सीलपट्ट्यांवर) बसतो. सील तुटले की त्याचे तुकडे एक्झॉस्टवाटे टर्बोच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात. टर्बो नसलेल्या इंजिनात हीच नळी निसटली तर चूक रिच बाजूला (जास्त इंधनाकडे) जाते, इंजिन अडखळते, पण सहसा शाबूत राहते. टर्बोने बूस्ट (समुद्रसपाटीच्या दाबाहून जास्तीचा दाब) न वाढवता उंचीवर फक्त ३० इंच टिकवायचे म्हटले, तरी १८,००० फुटांवर बाहेरचा दाब जवळपास निम्माच असतो, म्हणजे तिथे नळी निसटल्यास इंधनही निम्मेच मिळेल आणि इंजिन बहुधा बंदच पडेल.

दोन्ही ईसीयू एकाच नळीला टी-जोडाने जोडले असतील, तर दोघेही तोच चुकीचा आकडा वाचतील, मग राखीवाचा उपयोग काय? प्रत्येकाला स्वतःचा सेन्सर, स्वतःची नळी आणि मॅनिफोल्डवर स्वतंत्र छिद्र द्या, आणि नळ्यांची टोके क्लॅम्पने आवळा. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर ट्यूनिंगपुरताच (इंधनाचे प्रमाण जुळवण्यापुरताच) वापरावा. विमानांच्या १००एलएल पेट्रोलमधील शिसे त्याला निकामी करते.

राखीव ईसीयूही पूर्ण शक्तीवर वेगळा ट्यून करा. अनेकजण तो नुसता आयडलवर (इंजिनाच्या किमान वेगावर) तपासून सोडून देतात. आधी जमिनीवर, विमान पक्के बांधून, पूर्ण थ्रॉटलवर एकावरून दुसऱ्यावर स्विच करून पाहा. चाचणी उड्डाणांत हा बदल धावपट्टी सहज गाठता येईल एवढ्या उंचीवरच करावा.