रस्त्यावरचा मलबा, बंद झालेली तक्रार आणि घरी आलेली नोटीस

इंदूरच्या पश्चिम भागातील एका वसाहतीतून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या घराजवळ नाल्यावर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, आहे. तिचा एका बाजूचा कठडा गेल्या पावसाळ्यात कोसळला आणि चार महिन्यांपासून रात्री डंपर येऊन नेमका तिथेच पाडकामाचा मलबा ओतून जातात. रस्ता निम्माच उरला आहे, नाल्याचे तोंड बुजत चालले आहे, आणि महिन्यापूर्वी त्यांचे यजमान रात्री स्कूटरवरून येताना त्या ढिगाऱ्यावर घसरले. उजवे मनगट मोडले. महानगरपालिकेच्या ‘इंदूर ३११’ या तक्रार अ‍ॅपवर चार वेळा आणि मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर एकदा तक्रार करूनही काम झाले नाही, उलट ३११ वरच्या चारही तक्रारी ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाल्या. वसाहत अजून निगमकडे, म्हणजे महानगरपालिकेकडे, हस्तांतरित झालेली नाही, असे झोन कार्यालयातून सांगितले जाते. अखेर वैतागून त्यांनी डंपरचे चित्रीकरण वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले आणि खाली एका बांधकाम व्यावसायिकाचे नाव घेऊन ‘मलबा माफिया’ असे लिहिले. त्या व्यावसायिकाच्या वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला भरू. तक्रार करणे हाच गुन्हा ठरतो का आणि आता दाद कोठे मागावी, असे त्यांनी विचारले आहे.

भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपल्या घरात सध्या सर्वांत मोठी धास्ती नोटिशीची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. अब्रुनुकसानीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो, आणि तो अदखलपात्र असल्यामुळे पोलीस एफआयआर नोंदवून आपल्या दारात येऊ शकत नाहीत. ज्याला आपली बदनामी झाली असे वाटते त्याला स्वतः दंडाधिकाऱ्यांसमोर फिर्याद करावी लागते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांना अशा फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकावेच लागते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती.

आता गुणदोषाकडे येऊ. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी ठरत नाही, असा स्पष्ट अपवाद कलम ३५६ मध्येच आहे. त्यामुळे ३११, १८१, झोन किंवा पोलीस ठाणे येथे आपण जे काही लिहिले आहे त्याबद्दल निर्धास्त राहावे. व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र सक्षम अधिकारी नव्हे. तेथे आपला आधार वेगळ्या अपवादाचा आहे, म्हणजे लोकहितासाठी केलेले खरे विधान. डंपर आला, त्याचा क्रमांक अमुक होता, त्याने मलबा ओतला, एवढे चित्रीकरणात दिसते आणि एवढे आपण सिद्ध करू शकता. तो डंपर त्याच व्यावसायिकाच्या कामावरचा होता, हे आपण शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिले, आणि ‘माफिया’ हा शब्द रागाने लिहिला. माझा स्पष्ट सल्ला असा की नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत लेखी उत्तर द्यावे. त्यात चित्रीकरणातील वस्तुस्थितीवर ठाम राहावे, संबंधित बांधकामाचा मलबा कोठे व कोणत्या वाहनाने टाकला जातो याची कागदपत्रे उलट मागावीत, आणि तो एक शब्द मागे घेत असल्याचे एका ओळीत नमूद करावे. यात कोणताही कमीपणा नाही. जे सिद्ध करता येते तेवढेच बोलणाऱ्या माणसाची बाजू न्यायालयात बळकट राहते. चित्रीकरण मात्र पुसू नये. ज्या मोबाइलवर ते केले तो मोबाइल विकू नये, बदलू नये, मूळ फाइल कापू-जोडू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र देताना ही फाइल कोणत्या उपकरणातून आली हे सांगावे लागते.

आता तक्रारींविषयी. आपण पाठवलेल्या कागदांमध्ये तिसरी तक्रार बंद करताना निगमच्या बाजूने जोडलेले छायाचित्र आहे. त्यात झाडलेला रस्ता, निळ्या रंगाचे लोखंडी फाटक आणि कडुलिंबाचे झाड दिसते. आपण लिहिता की आपल्या पुलियाजवळ ना असे फाटक आहे ना कडुलिंब. हे छायाचित्र आपल्यासाठी मोलाचे आहे, कारण आपली तक्रार चुकीच्या जागेच्या पुराव्यावर बंद झाली हे तेच सांगते. ते जपून ठेवावे आणि त्याच कोनातून, त्याच उंचीवरून आपल्या पुलियाचे आजचे छायाचित्र काढून दोन्ही शेजारी-शेजारी छापावीत.

१८१ ची तक्रार अजून जिवंत आहे ही चांगली गोष्ट आहे. तेथे तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत वरच्या अधिकाऱ्याकडे सरकते आणि ती बंद करताना तक्रारदाराची ‘संतुष्टी’ विचारली जाते. आपल्याला आलेला फोन, ‘मॅडम, काम हो जाएगा, आप संतुष्टि दे दीजिए’, हा मध्य प्रदेशात १८१ वर तक्रार केलेल्या अनेकांच्या ओळखीचा आहे. काम होईल या भरवशावर संतुष्टी देऊ नये. काम झाल्यावर, स्वतः जागेवर जाऊन पाहिल्यावर द्यावी. फोन करणाऱ्याला नम्रपणे त्यांचे नाव व पदनाम विचारून तारीख-वेळेसह वहीत टिपून ठेवावे.

आणि आपल्या तक्रारींच्या मजकुराबद्दल थोडे कठोर बोलतो, रागावू नये. चारही तक्रारींत आपण ‘पुलियाजवळ खूप घाण आहे, कृपया लक्ष द्यावे’ अशा अर्थाचे लिहिले आहे. सफाई कामगार आला, कडेचा केरकचरा उचलून गेला, आणि कागदोपत्री आपली मागणी पूर्ण झाली. मलबा, तुटलेला कठडा आणि अरुंद झालेला रस्ता या तीन वेगळ्या बाबी आहेत, त्यांचे विभागही वेगळे आहेत, म्हणून तीन वेगळ्या तक्रारी हव्यात. उदाहरणार्थ असे लिहावे: ‘अमुक रस्त्यावरील नाल्याच्या पुलियाचा पूर्वेकडील सुमारे १२ फूट कठडा तुटलेला असून लगतच्या मलब्यामुळे वाहतुकीस केवळ ९ फूट रस्ता उरला आहे, अमुक तारखेला रात्री येथे दुचाकीस्वार पडून जखमी झाला आहे, आज सायंकाळपर्यंत बॅरिकेड व लाल परावर्तक आणि सात दिवसांत कठडा बांधून द्यावा.’ मापे टेपने घ्यावीत आणि छायाचित्रात टेप दिसू द्यावी. धोका कळवल्याची तारीख एकदा नोंदली गेली की ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव त्या दिवसापासून संपतो. पुढच्या प्रत्येक न्यायालयीन पायरीवर मी सर्वप्रथम हीच तारीख दाखवीन.

या तक्रारींची लेखी प्रत निगम आयुक्तांच्या नावे आवक शाखेत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. मोबाइलवरची नोंद सोयीची आहे, पण शिक्का मारलेला कागद कोणी ‘बंद’ करू शकत नाही.

हस्तांतरणाचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो फसवा आहे. वसाहत हस्तांतरित होईपर्यंत अंतर्गत रस्त्यांची डागडुजी विकासकाकडे राहू शकते. परंतु आपली पुलिया नाल्यावर आहे, नाला वसाहतीच्या कितीतरी आधीपासूनचा आहे, आणि त्या रस्त्याने पुढच्या दोन वस्त्यांचे लोक जातात. मध्य प्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ च्या कलम ६६ मध्ये सार्वजनिक रस्त्यांची सफाई आणि सार्वजनिक उपद्रवांचे निवारण ही निगमची बंधनकारक कर्तव्ये म्हणून लिहिली आहेत. उपद्रव कोणाच्या सातबाऱ्यावर, किंवा आपल्याकडच्या भाषेत खसऱ्यावर, उभा आहे याची अट तेथे नाही. तरीही वाद मिटवण्यासाठी १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्यात वसाहतीच्या हस्तांतरणाची सद्यस्थिती, पुलियाची मालकी, चारही तक्रारी बंद करतानाचे शेरे व छायाचित्रे आणि ते शेरे देणाऱ्या अधिकाऱ्यांची पदनामे मागावीत. उत्तरास ३० दिवस लागतील. न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे.

मलबा टाकणाऱ्यांविषयी कायदा मोघम नाही. पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने २०१६ साली स्वतंत्र नियम केले तेव्हापासून, तो रस्त्यात, वाहतुकीच्या आड किंवा नाल्यात पडणार नाही हे पाहण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आहे. आपल्याच शहरात देवगुराडिया येथे या मलब्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, त्यामुळे टाकायला जागा नाही ही सबबही टिकणारी नाही. रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण करणे हा न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. रात्री डंपर दिसला तर ११२ वर फोन करावा, क्रमांक टिपावा, खिडकीतून चित्रीकरण करावे. यजमानांना किंवा मुलांना त्याच्यासमोर उभे राहू देऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

आता ज्या उपायावर माझा सर्वाधिक भरवसा आहे त्याकडे वळतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा वा उपद्रव ठरावीक मुदतीत हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात: हटवा, नाहीतर हजर होऊन कारण दाखवा. जुन्या संहितेत हेच कलम १३३ होते आणि त्याचा सर्वांत गाजलेला निवाडा आपल्या माळव्यातला आहे. रतलामच्या न्यू रोड भागातील रहिवासी उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी यांनी त्रासले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला, सत्र न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला, आणि नगरपालिका पैसे नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने सांगितले की तिजोरी रिकामी आहे हे वैधानिक कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. वर्दीचंद या नावाने ओळखला जाणारा हा निवाडा आजही वकील रोज उद्धृत करतात, आणि तो चार-दोन सामान्य रहिवाशांच्या साध्या अर्जातून उभा राहिला आहे. नव्या संहितेने या चौकशीला ९० दिवसांची, आणि कारणे नोंदवून फार तर १२० दिवसांची मर्यादा घातली आहे. अर्जात निगम, विकासक आणि डंपरचा मालक अशा तिघांनाही सामनेवाले करावे. कोणाची जबाबदारी किती हे दंडाधिकारी ठरवतील. पुलियाचा रोज वापर करणाऱ्या आठ-दहा कुटुंबांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीतही द्यावी.

नाल्यात पडलेल्या मलब्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाकडेही जाता येते. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात प्रवाहाच्या व्याख्येत सध्या कोरडा असलेला जलमार्गही येतो, त्यामुळे ‘नाल्यात पाणीच नाही’ हे उत्तर चालणार नाही. मात्र असा अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो, आणि आपले चार महिने गेले आहेत. दंडाधिकाऱ्यांकडे महिनाभरात हालचाल झाली नाही तर त्या वाटेची तयारी सुरू करावी.

राहिली यजमानांच्या दुखापतीची भरपाई. आपल्या ठाण्याच्या दिरांनी कळवलेली बातमी खरी आहे: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचे निर्देश दिले. पण तो आदेश महाराष्ट्रातल्या संस्थांना बांधतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठासमोर तो केवळ मार्गदर्शक म्हणून ठेवता येईल. त्याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल आहे, तोही मध्य प्रदेशातल्याच एका रस्त्याच्या कंत्राटावरून निघालेला, ज्यात सुरक्षित रस्ता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. प्रत्यक्षात आधी निगमला रीतसर नोटीस आणि मग दिवाणी दावा, किंवा निष्काळजीपणा कागदावरूनच उघड असेल तर खंडपीठात रिट याचिका, असे दोन मार्ग आहेत. रिटमध्ये वादग्रस्त वस्तुस्थितीची चौकशी सहसा होत नाही, म्हणून कोणता मार्ग घ्यायचा हे हातातल्या कागदांवर ठरेल.

आणि तेथेच एक उणीव मला दिसते. आपण पाठवलेल्या रुग्णालयाच्या कार्डावर ‘पडल्यामुळे अस्थिभंग’ इतकेच लिहिले आहे. कोठे आणि कशामुळे, ते नाही. समोरचा वकील हा माणूस घरातल्या जिन्यावरून पडला असे सहज म्हणेल. त्या रात्री ज्यांनी उचलून नेले त्या दोन शेजाऱ्यांची लेखी निवेदने याच आठवड्यात घ्यावीत, स्कूटरच्या मोडलेल्या आरशाचे आणि खरचटलेल्या बाजूचे छायाचित्र दुरुस्तीपूर्वी काढावे. तसेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटून, दाखल करताना यजमानांनी सांगितलेली हकीकत केसपेपरवर नोंदली असल्यास त्याची प्रमाणित प्रत मागावी. नोंदली नसेल तर जुन्या कार्डावर काहीही वाढवून घेऊ नये. आजच्या तारखेने, जे सांगितले गेले तेवढेच लिहिलेले स्वतंत्र पत्र घ्यावे आणि ते प्लॅस्टर काढण्याच्या दिवसापूर्वी हाती असावे.