सॉकेट.आयओ क्लायंट: दोनदा दिसणारे मेसेज, हरवलेले मेसेज आणि पुन्हा जोडणी

तुमची अडचण थोडक्यात अशी: चॅटसाठी सॉकेट.आयओचा (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात तत्काळ निरोप पाठवणारी लायब्ररी) जावास्क्रिप्ट क्लायंट, म्हणजे ब्राउझरकडचा भाग, वापरलाय. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. फोनची स्क्रीन थोडा वेळ बंद ठेवून परत आलं की एकच मेसेज दोनदा, मग तीनदा दिसतो, आणि मधल्या वेळातले काही मेसेज येतच नाहीत. त्यावर कुणीतरी सल्ला दिलाय की लायब्ररी काढून टाका आणि साधं वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी) वापरा.

माझं मत स्पष्ट आहे, लायब्ररी राहू द्या. हे दोन्ही त्रास साध्या वेबसॉकेटवरही होतील, वर पुन्हा जोडणीचा सगळा कोड तुमच्याच गळ्यात पडेल. शिवाय फक्त क्लायंट बदलून काही होणार नाही. सॉकेट.आयओ वेबसॉकेटचा वापर करतं, पण त्यावर स्वतःचा प्रोटोकॉल चढवतं. त्यामुळे साधा वेबसॉकेट क्लायंट सॉकेट.आयओच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही आणि उलटही नाही. बदलायचं तर दोन्ही टोकं बदलावी लागतील.

आधी दोनदा दिसणारा मेसेज घेऊ. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये 'कनेक्ट' इव्हेंटच्या हँडलरच्या आतच नव्या मेसेजचा लिसनर (मेसेज आला की चालणारं फंक्शन) लावलाय. 'कनेक्ट' एकदाच येतो असं गृहीत धरून अनेकजण असं लिहितात, पण जोडणी तुटून पुन्हा झाली की तो दरवेळी नव्याने येतो. सॉकेट ऑब्जेक्ट मात्र तोच असतो आणि त्याच्यावरचे जुने लिसनर जागच्या जागी असतात. फोन एकदा झोपून उठला की दोन लिसनर, पुन्हा झोपला की तीन. तुम्हाला दिसणारा आकडा नेमका असाच वाढतोय. लिसनर 'कनेक्ट'च्या बाहेर काढा आणि एकदाच लावा, हा त्रास संपेल.

रिअ‍ॅक्टमध्ये हीच चूक वेगळ्या रूपात येते. सॉकेट कंपोनंटच्या आत तयार करू नका. वेगळ्या मॉड्यूलमध्ये एकदा तयार करा आणि हवा तिथे इम्पोर्ट करा. यूज-इफेक्टमध्ये (कंपोनंट स्क्रीनवर आल्यावर चालणारा कोड) 'ऑन' केलं, म्हणजे लिसनर लावला, की क्लीनअपमध्ये 'ऑफ' करून तो काढायचाच, आणि 'ऑफ'ला तेच फंक्शन द्यायचं जे 'ऑन'ला दिलं होतं. नुसतं इव्हेंटचं नाव दिलं तर त्या इव्हेंटचे सगळे लिसनर जातात, दुसऱ्या कंपोनंटने लावलेलेही. डेव्हलपमेंटमध्ये स्ट्रिक्ट मोड इफेक्ट दोनदा चालवतो म्हणून काहीजण तो बंद करून टाकतात. कृपा करून तसं करू नका, क्लीनअप राहून गेलं असेल तर ते तिथेच लगेच कळतं.

हे करूनही मेसेज दोनदा आले तर अंदाज बांधत बसू नका, सरळ फ्रेम, म्हणजे जोडणीतून जाणारे कच्चे संदेश, बघा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, वेबसॉकेटची ओळ निवडा आणि मेसेजेस बघा. नुसता २ म्हणजे सर्व्हरचा पिंग ('आहेस का?'), ३ म्हणजे क्लायंटचा पाँग ('आहे'). ४० म्हणजे नेमस्पेसला (एकाच जोडणीतला वेगळा कप्पा) जोडलं गेलं. ४२ ने सुरू होणारी फ्रेम म्हणजे तुमचा इव्हेंट: पहिला ४ खालच्या इंजिन.आयओ थराचा 'मेसेज', पुढचा २ सॉकेट.आयओचा 'इव्हेंट', आणि त्यापुढे चौकटी कंसात इव्हेंटचं नाव आणि डेटा. ४२ ची फ्रेम एकदाच आली आणि स्क्रीनवर मेसेज दोनदा दिसला, तर दोष लिसनरचा. फ्रेमच दोनदा आली, तर सर्व्हर दोनदा पाठवतोय, तिकडे शोधा. एवढं एक बघितलं की निम्मा वेळ वाचतो.

आता हरवलेले मेसेज, आणि खरा प्रश्न हाच आहे.

सॉकेट.आयओच्या आवृत्ती ४ मध्ये सर्व्हर डीफॉल्टने दर २५ सेकंदांनी पिंग पाठवतो आणि उत्तरासाठी २० सेकंद थांबतो. क्लायंटही या दोन्हींची बेरीज होईपर्यंत पिंगची वाट बघतो. म्हणजे नेटवर्क गुपचूप गेलं, समोरून रीतसर बंद झाल्याचा निरोप आला नाही, तर क्लायंटला ते कळायला ४५ सेकंदांपर्यंत लागू शकतात. तोवर त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. लिफ्ट, बोगदा, वायफायवरून मोबाइल डेटावर जाणं, या सगळ्यांत हेच होतं. या अंध काळात दोन्हीकडून निघालेलं वाटेतच संपतं. कारण सॉकेट.आयओ क्रमाची हमी देतं, पोहोचण्याची देत नाही. डीफॉल्ट हमी 'जास्तीत जास्त एकदा' एवढीच आहे.

गोंधळ आणखी वाढतो तो इथे. जोडणी तुटली आहे हे क्लायंटला कळल्यानंतर तुम्ही 'एमिट' केलंत, म्हणजे इव्हेंट पाठवलात, तर ते साठवलं जातं आणि पुन्हा जोडल्यावर एकदम पाठवलं जातं. सर्व्हर मात्र तुटलेल्या क्लायंटसाठी आपणहून काही साठवत नाही. एका दिशेचे मेसेज उशिरा का होईना येतात आणि दुसऱ्या दिशेचे येतच नाहीत, याचं कारण हे.

तेव्हा लायब्ररी काय जोडून देते आणि काय नाही, हे वेगळं ठेवा. ती नळी पुन्हा जोडते. नळीतून मधल्या वेळात काय वाहून गेलं ते शोधणं तुमचं काम. त्यासाठी प्रत्येक मेसेजला डेटाबेसमधून चढता क्रमांक द्या, क्लायंटने मिळालेला शेवटचा क्रमांक लक्षात ठेवावा आणि दर जोडणीच्या वेळी सर्व्हरला सांगावा. 'ऑथ' या ऑप्शनला ऑब्जेक्टऐवजी फंक्शन देता येतं, ते दर जोडणीला नव्याने चालतं, त्यामुळे शेवटचा क्रमांक आणि ताजा टोकन (लॉगिनची ओळख पटवणारा) दोन्ही तिथूनच जाऊ शकतात. सर्व्हरने त्यापुढचे मेसेज आधी पाठवायचे, मग नेहमीचं चालू. टोकनसाठी कस्टम हेडरच्या मागे लागू नका. ब्राउझरच्या वेबसॉकेटला ते जोडता येत नाहीत, पोलिंगमध्ये (सुरुवातीला साध्या एचटीटीपी विनंत्यांनी होणारी देवाणघेवाण) चालले तरी पुढे अडकाल.

४.६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सर्व्हरवर 'कनेक्शन स्टेट रिकव्हरी' चालू करता येते. छोट्या खंडानंतर सॉकेटचा आयडी, रूम (सॉकेटचे गट) आणि चुकलेली पाकिटं परत मिळतात, आणि 'रिकव्हर्ड' या प्रॉपर्टीवरून ते जमलं की नाही कळतं. चांगली सोय आहे, चालू करा. पण साठवण्याचा काळ मर्यादित असतो, डीफॉल्ट दोन मिनिटं, आणि अनेक सर्व्हरमध्ये मेसेज पसरवणारा रेडिसचा साधा पब-सब अ‍ॅडाप्टर वापरत असाल तर ती चालतच नाही. म्हणून क्रमांकाची पद्धत हवीच.

पाठवतानाही हाच विचार. पोहोचायलाच हवा असा मेसेज टाइमआउट लावून आणि पोचपावती मागून पाठवा. 'एमिट विथ अ‍ॅक'ने हे प्रॉमिसच्या रूपात स्वच्छ लिहिता येतं. पावती आली की मगच बरोबरची खूण दाखवा. मात्र ठरलेल्या वेळात पावती आली नाही म्हणजे मेसेज पोहोचला नाही असं नाही. कदाचित मेसेज पोहोचला आणि पावती वाटेत गेली. तुम्ही पुन्हा पाठवाल आणि डेटाबेसमध्ये दोन नोंदी होतील. यासाठी क्लायंटनेच मेसेज तयार करताना एक युनिक आयडी द्यायचा आणि डेटाबेसमध्ये त्या कॉलमवर युनिक बंधन घालायचं. दुसऱ्यांदा आलेला मेसेज सर्व्हरने पुन्हा न नोंदवता पावती मात्र द्यायची.

उलट 'टाइप करत आहे' अशा क्षणभराच्या गोष्टी 'व्होलटाइल' (जोडणी नसेल तर टाकून द्यायच्या) करून पाठवा. नाहीतर जोडणी परत आल्यावर साठलेले जुने संकेत एकदम धडकतात.

तुटण्याची कारणंही वाचा, 'डिसकनेक्ट'च्या हँडलरला ती मिळतात. 'पिंग टाइमआउट', 'ट्रान्सपोर्ट क्लोज', 'ट्रान्सपोर्ट एरर' असेल तर क्लायंट आपोआप प्रयत्न करतो, साधारण एक सेकंदापासून सुरुवात करून पाच सेकंदांच्या आसपास अंतर वाढवत, मध्ये थोडी यादृच्छिकता ठेवून, म्हणजे सर्व्हर परत उठल्यावर सगळे एकाच क्षणी तुटून पडत नाहीत. पण सर्व्हरने स्वतः काढलं असेल, किंवा सर्व्हरच्या मिडलवेअरने (जोडणीआधी तपासणी करणारा कोड) टोकन नाकारून 'कनेक्ट एरर' आला असेल, तर तो आपोआप प्रयत्न करत नाही. टोकन ताजा करून 'कनेक्ट' तुम्हालाच बोलवावं लागतं. दोन्ही ठिकाणी सॉकेटची 'अ‍ॅक्टिव्ह' प्रॉपर्टी खरी आहे का तेवढं तपासा, उत्तर मिळतं.

जाता जाता आणखी एक, कारण तुमच्या कोडमध्ये ते दिसतंय: सॉकेट आयडीवरून माणूस ओळखताय. रिकव्हरी झाली नाही तर तो आयडी नव्या जोडणीला बदलतो आणि एका माणसाच्या दोन टॅबना दोन आयडी असतात. प्रत्येक यूजरच्या नावाची रूम करा आणि तिथे पाठवा.

सर्व्हर दोन केल्यावर ४०० एरर आणि 'सेशन आयडी अननोन' येतो असंही लिहिलंय. जोडणी आधी एचटीटीपी लाँग-पोलिंगने सुरू होते आणि मग वेबसॉकेटवर चढते. पोलिंगच्या लागोपाठच्या विनंत्या वेगवेगळ्या सर्व्हरवर गेल्या की दुसरा ओळखच दाखवत नाही. लोड बॅलन्सरवर (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटणारा) स्टिकी सेशन लावा, म्हणजे एका क्लायंटच्या विनंत्या एकाच सर्व्हरकडे जातील. किंवा क्लायंटमध्ये फक्त वेबसॉकेट ट्रान्सपोर्ट ठेवा, पण मग वेबसॉकेट अडवणाऱ्या नेटवर्कवर पर्याय उरत नाही. मी स्टिकी सेशनच लावेन. आणि दोन्ही सर्व्हरमध्ये मेसेज पसरायला अ‍ॅडाप्टर लागेलच, स्टिकी सेशनने ते होत नाही.

लायब्ररी कधी नको? सर्व्हरकडून क्लायंटकडे एकाच दिशेने माहिती जायची असेल तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो आणि शेवटच्या इव्हेंटचा आयडीही हेडरमधून पाठवतो. चॅटला मात्र दोन्ही दिशा लागतात.

बदल केल्यावर तपासताना 'डिसकनेक्ट' फंक्शन बोलवून बघू नका, तो ठरवून केलेला निरोप आहे आणि त्यानंतर क्लायंट आपोआप जोडत नाही. त्याऐवजी कन्सोलमधून मॅनेजरच्या (जोडणी सांभाळणारा भाग) आतल्या इंजिनवर 'क्लोज' बोलवा, ते अचानक तुटण्यासारखं असतं. मग फोनवर: वायफाय आणि डेटा दोन्ही एक मिनिट बंद, तेवढ्यात दुसऱ्या उपकरणावरून तीन मेसेज, आणि बंद असलेल्या फोनवरूनही एक. जाळं परत आल्यावर दोन्हीकडे चारही मेसेज एकेकदाच आणि एकाच क्रमाने दिसायला हवेत. नाही दिसले तर त्या वेळच्या ४२ च्या फ्रेम आणि 'डिसकनेक्ट'चं कारण इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.