शनिवार-रविवारच्या उरलेल्या गोळ्या

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला कानात आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले. बांबोळीच्या रुग्णालयात उपचार सुरू केल्यावर तो पुष्कळ सावरला. आता मात्र शनिवार-रविवारी मित्रांबरोबर फेणी, हुर्राक, बिअर घेतो आणि त्या दोन दिवसांच्या गोळ्या पाकिटात तशाच उरतात. 'दारूवर गोळी घ्यायची नसते,' असे म्हणतो. एका नातेवाइकाने दारू सोडवण्याची पूड चहातून गुपचूप द्यायला आणून दिली आहे. द्यावी का?
– एक आई, फोंडा

उत्तर : ताई, ती पूड कृपया देऊ नका. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड आणि एकाएकी घसरणारा रक्तदाब जिवावर बेतू शकतो. शिवाय या औषधाने भास-संशय बळावण्याचीही भीती असते. मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. लोक आपल्याविरुद्ध कट करतात असे ज्याला कालपरवापर्यंत वाटत होते, त्याला आईनेच चहात काही मिसळल्याचे कळले, तर त्याचा संशय घरातच खरा ठरेल आणि मग तो तुमच्या हातून गोळीही घेणार नाही.

दारूमुळे आजार चिघळू शकतोच, पण गोळ्या चुकल्यानेही तो उलटतो, आणि तुमच्या घरी ही दोन्ही संकटे एकाच दिवशी येत आहेत. गोळी आणि दारू एकत्र आल्यास गुंगी वाढते, म्हणून प्यायलेल्या दिवशी नेमके काय करायचे, हे पुढच्या भेटीत त्याच्यासमक्ष डॉक्टरांना विचारा. पिण्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

घरी मात्र 'का पितोस?' असे दरडावून विचारण्याऐवजी, पिऊन त्याला काय मिळते ते शांतपणे ऐकून घ्या. या वयातली, असा आजार असलेली अनेक मुले झोप यावी, आवाज दबावेत किंवा मित्रांत आपण वेगळे दिसू नये म्हणून पितात, आणि ज्याचे जे कारण त्याप्रमाणे उपाय बदलतो. येऊ घातलेल्या सांजावच्या सणाला किती घ्यायची, घरी कधी यायचे, हे त्याने स्वतः आधी ठरवले, तर ते पाळले जाण्याची शक्यता अधिक असते. पूर्ण बंद करणे सर्वांत चांगले, पण 'कमी करतो' म्हणाला तरी तो शब्द स्वीकारा.

गोव्यातच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांच्या एक ते चार भेटींनी अनेकांना फायदा झाल्याचे दिसले. तो अभ्यास भास-संशयाच्या आजारासाठी नव्हता, तरी असे बोलणे मानसोपचाराला जोडून घेता येते.

तो रोज आणि भरपूर पिऊ लागला असेल, तर एकाएकी बंद करायला लावू नका. हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे घडू शकते. तसे काही दिसले किंवा तो जीव देण्याचे बोलू लागला, तर त्याला लगेच रुग्णालयात न्या. मधल्या काळात सल्ला हवा असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो; तुम्ही स्वतःसाठीही त्यावर बोलू शकता.