अपघातात पाय गेला म्हणून सरकारी महामंडळ माझ्या चालक वडिलांना नोकरी सोडायला लावू शकते का?

नाही. वडिलांना राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू देऊ नका, हे आधी सांगतो. दबाव नेमका तिथेच येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20(4) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. सरकारी महामंडळेही यात येतात. गाडी चालवणे जमणार नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद रिकामे नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त जादा पदावर, ठेवावे लागते. म्हणजे ‘जागा नाही’ ही सबब चालत नाही.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडून पर्यायी पदासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद दिली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. खासगी कंपनीला मात्र हे कलम लागू नाही.