दोन चेहऱ्यांमधली समई

एकाच चित्रात दोन आकृत्या आलटून पालटून दिसतील अशी दृष्टिभ्रमाची चित्रे काढायला शिकायचे आहे आणि पहिल्याच चित्रात पाच चेहरे लपवायचे आहेत, असे आपण कळवलेत. आपला उत्साह मनापासून आवडला, तरी सुरुवात दोनच आकृत्यांनी करावी. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये मांडलेली फुलदाणी, म्हणजे मधोमध फुलदाणी किंवा दोन्ही बाजूंना समोरासमोरचे दोन चेहरे दिसणारे चित्र, आधी गिरवून पाहा. तिची कडरेषा एका वेळी फुलदाणीची तरी असते किंवा चेहऱ्यांची तरी. लोकलमध्ये खिडकीशी समोरासमोर बसलेल्या दोन प्रवाशांच्या नाका-हनुवट्यांमधले आकाशही न्याहाळा. दादर ते ठाणे प्रवासात मला त्यात कित्येकदा समई दिसली आहे.

नवशिक्यांकडून होणाऱ्या चुका मुख्यतः दोन:

- चेहऱ्यांत डोळे, केस रेखाटणे. तपशील मिळालेली बाजूच पुढे येते आणि समई नुसती पार्श्वभूमी उरते.
- मधला भाग फार अरुंद ठेवणे. लहान, वेढलेला भाग नजर लगेच आकृती म्हणून उचलते.

रंगछटा तूर्त नकोत. काळी शाई पुरेशी आहे.