मुलगी मरणाची गाणी लिहिते, काय करू?

"मॅडम, वही उघडली आणि हातपायच गार पडले." आईनं मोबाइल पुढे केला. अकरावीतल्या मुलीच्या वहीचा फोटो होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गाण्यात तिनं स्वतःचं तेरावं रंगवलं होतं: कोण आलं, कोण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं, कुणी श्रीखंड दोनदा घेतलं. गाणं चांगलं होतं, पण आईसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "ही काही करून तर घेणार नाही ना?"

"गाणं ऐकलंत?" "नाही हो, वाचूनच पुरे झालं."

मुलगी आधी गप्प. अमेरिकन गायिका बिली आयलिशचं नाव निघालं तशी सुटली. लॉस एंजेलिसमधल्या घरात, भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झालेला तो २०१९ चा पहिला अल्बम. बिली तेव्हा १७ वर्षांची. तार सप्तकातली कसरत नाही, कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज, गाण्यांत राक्षस, भीती, मरण. "मॅडम, एका गाण्यात दाताच्या डॉक्टरकडच्या ड्रिलचा आवाज आहे!" पुढच्या जानेवारीत बिलीला संगीतातले पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पण या मुलीला ग्रॅमीशी घेणं नव्हतं. घरच्या खोलीत, हळू आवाजात, वाईट वाटतं तेही गाता येतं, एवढंच तिनं उचललं होतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींनी तेच उचललंय.

म्हणून 'कलाच आहे, सोडून द्या' असं मी आईला सांगितलं का? नाही. त्या काळात आपण खूप खचलो होतो, जीव द्यायचे विचारही येत होते, हे बिलीनंच २०२० मध्ये टीव्हीवर सांगितलंय. गाणं चांगलं असतं आणि दुखणंही खरं असू शकतं.

तेव्हा मी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली, "नाही. आजी गेली तेव्हा सगळे जेवणाचंच बोलत होते, त्याचा राग येतो." झोप, जेवण, मैत्रिणी ठीक होत्या. उत्तर 'हो' आलं असतं, किंवा ती आवडत्या वस्तू वाटून टाकत असती, तर एकटं न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहेच.

पुढच्या वेळी दोघींनी माझ्यासमोर गाणं ऐकलं. रजईत शिरून रेकॉर्ड केलेलं, मागे टक्-टक् असा ठेका. आजीच्या कडव्याला आईनं पदर डोळ्यांना लावला. मग एकदम मान वर केली.

"हा आपला गॅसचा लायटर ना गं? महिनाभर काडेपेटीवर काढतेय मी!"